घरची पुडी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे इथे ऑस्ट्रेलियात, गिरावीनमध्ये, कुणालाही विचारा. बस चालवताना मी तो गिळतो, कारण डेपोत तक्रार जाते. रविवारी पार्कात मराठी मंडळाच्या पोरांना खो-खो शिकवताना मात्र गिळत नाही. सोळा वर्षं मी हे करत आलो. निम्म्या पोरांनी माझ्या ओरडण्याला कंटाळून टेनिस धरलं, बायको त्याच्याही आधी सोडून गेली. जी पोरं टिकली त्यांत ओवी घोरपडे होती. तिची गोष्ट लिहायची तर माझ्या तोंडाचीही लिहावी लागणार, त्याला इलाज नाही.

ओवी नऊ वर्षांची असताना घोरपडे मंडळी पुण्याहून इथे आली. वडील प्रल्हादराव आयटीत, आई मंजिरीवहिनी चाइल्डकेअरमध्ये. पोरगी काटकुळी आणि अबोल. पहिल्याच रविवारी मी सगळ्यांना रांगेत बसवलं, खो दिल्यावर उठून पळायला सांगितलं, आणि ही बसल्या जागेवरून अशी सुटली की मी शिट्टी वाजवायचीच विसरलो. कौतुक करायची मला सवय नाही. मी ओरडलो, "हाताला काय मेंदी लावलीये? लांब कर हात." दुसरी पोरं असं बोललं की आईकडे बघतात. हिने हात लांब केला. पुढची दहा वर्षं मी जे म्हटलं ते तिने केलं. का, असं तिने कधी विचारलं नाही. इथल्या शाळेत मुलं मास्तरांना नावाने हाक मारतात आणि उलट प्रश्न विचारतात. माझ्या मैदानावर ते चालत नव्हतं, तिथे सर म्हणतील ती पूर्वदिशा.

एकोणिसाव्या वर्षी ती खो-खोच्या ऑस्ट्रेलियन संघात गेली. इथे त्याचं कुणाला काही नाही. तिच्या युनीतल्या, म्हणजे युनिव्हर्सिटीतल्या, मैत्रिणींना खो-खो हा कुठला तरी डान्स वाटायचा. पण त्याच वर्षी एएफएलच्या एका क्लबने ब्लॅकटाउनला दुसऱ्या खेळांतल्या मुलींसाठी चाचणी ठेवली, युनीच्या जिममधल्या एका मैत्रिणीने तिला ओढून नेलं, आणि वीस मीटर पळण्यात आणि पळता पळता वळण्यात तिने बास्केटबॉलवाल्या, धावपटू, सगळ्यांना मागे टाकलं. महिन्याभरात करार आला. एका वर्षाचा, यादीतली अगदी शेवटची जागा.

एएफएल म्हणजे हातात लांबोडका चेंडू धरून पळायचं, अंगावर माणसं घ्यायची आणि त्याला फुटबॉल म्हणायचं. टप्पा पडल्यावर तो चेंडू कुठे जाईल हे त्याच्या बापालाही ठाऊक नसतं, आणि पळताना दर पंधरा मीटरला तो जमिनीवर आपटून पुन्हा झेलावा लागतो. पहिला सराव बघायला मी गेलो होतो. ओवी समोरच्या मुलीच्या मागे सुसाट गेली, तिच्या पाठीला हात लावला आणि पंचांकडे बघत उभी राहिली. आमच्यात शिवलं की गडी बाद. ती मुलगी मात्र चेंडू घेऊन तशीच पुढे पळाली आणि गोल करून आली. सगळा क्लब हसला, मीही हसलो. आडनावाचा अर्थ कुणी तरी विचारला, हिने सरळ सांगून टाकला, आणि त्या दिवसापासून क्लबात तिचं नाव 'गोॲना' पडलं. इथली घोरपड ती.

"नाव चिकटणारीचं आणि चिकटत नाहीस," असं तिची कोच तिला म्हणाली म्हणे.

मग आम्ही चिकटायला शिकलो. क्लबचा सराव झाला की दुपारी, माझी शिफ्ट संपल्यावर, पार्कात आम्ही दोघं. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी बसच्या ब्रेकमध्ये व्हिडिओ बघायचो आणि तिला असं सांगायचो की जणू जन्मभर तेच खेळलो. क्लबच्या फॉर्मवर 'खासगी प्रशिक्षक' असा एक रकाना होता. त्यात तिने माझं नाव लिहिलं आणि फोनवर मला दाखवलं. मी म्हणालो, "बरं बरं, पळ आता." नंतर नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत बसलो.

जुलैमध्ये तिचा डावा गुडघा दुखायला लागला. वाटीच्या जरा खाली. दहा वर्षं बसल्या जागेवरून झेप घेऊन तो आधीच कुरकुरत होता, त्यात हे नवे धक्के. क्लबच्या फिजिओने व्यायाम दिले, बर्फ लावायला सांगितलं. पण दुखणं खरं किती आहे हे ओवीने त्यांना सांगितलंच नाही. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू होणार होता. जायबंदी मुलीच्या जागी क्लबला बाहेरची मुलगी घेता येत होती, आणि शेवटच्या जागेवरच्या मुलीने गुडघा धरला तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको होता. तिने आईवडिलांनाही सांगितलं नाही. फक्त मला सांगितलं.

"किती दुखतं?" मी विचारलं.

"जिना उतरताना रडू येतं, सर."

आता पुडीबद्दल. माझे स्वतःचे गुडघे केव्हाच कामातून गेलेले आहेत. मिरजेकडच्या एका वैद्याची पुडी मी सात वर्षं घेत होतो. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली करड्या रंगाची पूड, त्यावर ना नाव ना गाव. गावाहून येणारं कुणी ना कुणी ती मेतकुटाच्या डब्यात दडवून आणायचं, कारण एअरपोर्टवर दाखवली तर थेट कचऱ्यात जाते. मी राहतो त्या पेंडल हिलमध्ये माझ्याकडून ती आणखी चार घरांत जायची. संध्याकाळी घ्यावी आणि सकाळी माणसाने उडी मारावी, असा गुण. इतक्या पटकन गुण येतो तो कशाने, हा प्रश्न सात वर्षांत मला पडला नाही. मुळ्या आणि पाला म्हटलं की आपण डोळे मिटून तोंड उघडतो.

एका रविवारी दुपारी ओवी माझ्या युनिटवर, म्हणजे फ्लॅटवर, आली. मी कोमट दुधात पुडी कालवली आणि पेला तिच्या हातात दिला. तिने तो तोंडाला लावला नाही.

"सर, यात काय आहे?" तिने विचारलं. "क्लबने सांगितलंय, काहीही घ्यायच्या आधी डॉक्टरला विचारा. आय कॅन जस्ट सेंड हर अ फोटो."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, हा माझा धर्मच आहे. मी म्हणालो, "फोटो कसला पाठवतेस? हे औषध नाही, घरचं आहे. उद्या आईने हळदीचं दूध दिलं तर त्याचाही फोटो पाठवशील का? विश्वास नसेल तर ठेव तो पेला तिथे आणि जा तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंकडे. रडत रडत जिने उतर."

तिने पेला रिकामा केला आणि "सॉरी, सर" म्हणाली. सॉरी तिने म्हटलं. त्या दिवसापासून पहिल्या सामन्यापर्यंत मी तिला अकरा पुड्या दिल्या.

पहिल्या सामन्यात ती जी खेळली ते मी जन्मात विसरणार नाही. गुडघा दुखतच नव्हता. एका आडदांड मुलीच्या कमरेला तिने मागून असा विळखा घातला की ती चेंडू सोडून खाली बसली, आणि स्टँडमधून सगळे "गोॲना, गोॲना" करायला लागले. प्रल्हादराव माझ्या शेजारी बसले होते. त्यांना खेळातलं काही कळत नाही, पण डोळे पुसत होते. सामना संपल्यावर उत्तेजकांच्या तपासणीवाल्यांनी तीन मुलींना बाजूला घेतलं, त्यांत ती होती. नमुना दिला, फॉर्म भरला. गेल्या सात दिवसांत कोणती औषधं घेतली, असं त्यावर विचारलेलं असतं. तिने पॅनाडोल, दुखण्यावरची साधी गोळी, लिहिली. पुडी लिहिली नाही, कारण सर म्हणाले होते की ते औषध नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. ते घेऊन ती गिरावीनहून माझ्याकडे चालत आली. तिच्या लघवीत स्टेरॉइड सापडलं होतं. निकाल लागेपर्यंत खेळायचं नाही, क्लबच्या सरावालाही पाऊल ठेवायचं नाही, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत होऊ शकते असं त्यात होतं.

"सर, मी दुसरं काहीच घेतलेलं नाही," ती म्हणाली. "त्या पुड्याच."

मी काय करावं? मी चिडलो. "सात वर्षं मी घेतोय, मला काय झालं? त्यांची मशीन चुकली असेल. नाहीतर तुमचे ते प्रोटीनचे डबे बघ जरा." पोरीच्या तोंडचं पाणी पळालेलं, आणि मी तिला प्रोटीनवरून बोलतोय. मला स्वतःची लाज वाटते हे लिहिताना. ती पत्राची घडी करून परत गेली.

ती गेल्यावर मी वैद्याला फोन लावला. पुडीत काय काय घालता, असं विचारलं.

"वनस्पती आहेत हो सगळ्या," तो म्हणाला.

"कोणकोणत्या?"

"ते गुपित असतंय. वडिलांपासून आलंय."

"स्टेरॉइड घालता का? खरं सांगा. इथे एका मुलीचं आयुष्य पणाला लागलंय."

तो म्हणाला, "तुम्हाला गुण आला ना?" आणि फोन ठेवून दिला. मी पुन्हा नऊ वेळा लावला, त्याने उचलला नाही. मला तेवढ्यावरून सगळं कळलं. पोरीच्या पायावर धोंडा मी घातला होता.

कळलं तरी मी तोंड उघडलं नाही. नऊ दिवस. रोज वाटायचं की आज सांगू, आणि रोज मी बस घेऊन निघायचो. दहाव्या दिवशी मंजिरीवहिनींचा फोन आला, "नंदूसर, ओवी जेवत नाही. खोलीतून बाहेर येत नाही. तुमचं ऐकेल ती." मी गेलो. वहिनींनी देव पाण्यात ठेवले होते. आणि जेवणाच्या टेबलावर त्यांनी घरातले सगळे डबे मांडून ठेवले होते. गोडा मसाला, हळद, हिंग, चटण्या, सासूबाईंनी पाठवलेली थालीपिठाची भाजणी. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून तारीख लिहिली होती.

"वकील म्हणाले की कशातून गेलं ते शोधावं लागेल," वहिनी म्हणाल्या. "मी रोज हाताने डबा देते तिला. माझ्याच हातून गेलं असणार, सर. कुठल्या मसाल्यात भेसळ असेल काय माहीत. सगळं तपासायला देणार आहे मी."

मी त्या डब्यांसमोर बसलो. वहिनींनी चहा दिला, तो प्यायलो. ओवीच्या खोलीच्या दारावर टकटक केलं. ती आतून म्हणाली, "आय ॲम ओके, सर." मी उठून घरी आलो. भित्रेपणाला दुसरं नाव असेल तर मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शिफ्टला गेलो नाही. घरात उरलेल्या दोन पुड्या घेऊन पॅरामॅटाला वकिलाकडे गेलो. वकील म्हणजे आमचा निमिष, लहानपणी माझ्याकडे खो-खो खेळायचा, टेनिसला पळालेल्यांपैकी. त्याच्यापुढे मी पुड्या ठेवल्या आणि म्हणालो, "यातून गेलं. मी दिल्या." त्याने त्या तपासायला पाठवल्या, आणि आठवड्याने सांगितलं की दोन्हींत तेच स्टेरॉइड निघालं आहे.

"पण काका, एवढ्याने ती सुटत नाही," निमिष म्हणाला. "तुम्ही दिल्या, पण घेतल्या तिने. तिला माहीत असताना, शंका आलेली असताना, क्लबला न विचारता घेतल्या असतील, तर चूक तिची धरतात. दीड वर्ष, कदाचित दोन. तिला पत्ताच नसताना कुणी दिल्या असतील, तर मग चार-सहा महिन्यांत बाहेर येईल. कसं झालं ते ओवीला विचारलं तर ती बोलतच नाही. 'सर सांगतील' म्हणते."

"क्लब काय म्हणतोय?"

"फेब्रुवारीपर्यंत मोकळी झाली तर पुढच्या वर्षी ठेवतील. नाहीतर नाही. रूकी आहे ती, काका, नवखी. दोन वर्षं कोण थांबणार?"

मी म्हणालो, "उद्या सांगतो."

त्याच दुपारी मी ओवीला पेंडल हिल स्टेशनच्या पार्किंगमध्ये बोलावलं. ती गाडीत येऊन बसली. एवढ्या दिवसांत तिचे गाल आत गेले होते. पुढे जे बोललो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ही वहीही कुणाला दाखवणार नाही.

"मी सांगणार आहे की मी तुला न सांगता दुधातून पुडी दिली," मी म्हणालो. "तुला काही माहीत नव्हतं. नुसतं दूध समजून प्यायलीस."

"दॅट्स नॉट ट्रू, सर."

"नसू दे."

"मी विचारलं होतं तुम्हाला." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुम्हाला आठवतंय ना?"

"आठवतंय. मी काय बोललो तेही आठवतंय. म्हणूनच सांगतोय. तू विचारलंस हे कळलं तर तेच तुझ्या विरुद्ध जाईल. विचारायची अक्कल होती, मग प्यायलीस का, असं म्हणतील. माझ्यामुळे प्यायलीस हे त्यांच्या कायद्यात बसत नाही."

"मग तुम्हाला काय करतील?"

"काय करणार? फाशी देणार आहेत? मी बस चालवतो." माझा आवाज चढला होता. "तू फक्त एक कर. विचारलं तर माहीत नव्हतं म्हण आणि गप्प बस. आईबाबांनाही सांगायचं नाही. एकाला कळलं की चौघांना कळतं. ऐकतेस ना?"

ती बराच वेळ गुडघा चोळत बसली. रडत नव्हती. शेवटी म्हणाली, "हो, सर." दहा वर्षं ज्या आवाजात म्हणायची, त्याच आवाजात.

सुनावणी डिसेंबरमध्ये निमिषच्या ऑफिसातून व्हिडिओवर झाली. पडद्यावर निवाडा करणारे तिघे होते, इकडे आम्ही, आणि मागच्या खुर्च्यांवर प्रल्हादराव आणि मंजिरीवहिनी. पुड्या माझ्याकडच्या होत्या एवढं त्यांना निमिषने आदल्या दिवशी सांगितलं होतं. बाकीचं त्यांनी माझ्या तोंडून ऐकलं. मी म्हणालो की मुलीचा गुडघा दुखत होता, मला तिने सामना खेळायला हवा होता, ती नाही म्हणाली असती म्हणून मी न सांगता दुधात घातलं. माझं इंग्रजी मोडकंतोडकं आहे, पण हे मी आरशासमोर पाठ केलं होतं. पडद्यावरच्या बाईंनी ओवीला विचारलं की दुधात काही आहे हे तुला माहीत होतं का.

ओवी टेबलाकडे बघत होती. निमिषला वाटलं तिला ऐकू आलं नाही, त्याने प्रश्न पुन्हा सांगितला.

"नो," ती म्हणाली. "आय डिडन्ट नो."

माझ्यासमोर ती बोललेलं हे पहिलं खोटं. पळायला, वळायला, चिकटायला मीच शिकवलं होतं, हेही मीच शिकवलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये प्रल्हादराव माझ्यासमोर येऊन उभे राहिले. गरीब स्वभावाचा माणूस, आवाज चढवणं त्यांना येत नाही. "दहा वर्षं पोरगी तुमच्या हवाली केली होती," एवढंच म्हणाले. वहिनी मागून आल्या. त्या म्हणाल्या, "मी मसाल्याचे डबे मांडले तेव्हा तुम्ही समोर बसून चहा पीत होता." ओवी त्यांच्या मागे उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

जानेवारीत निकाल लागला. ओवीला चार महिने, आणि ते भोगून झालेले. ती मोकळी. मला चार वर्षं बंदी. कुठल्याही खेळाडूला शिकवायचं नाही, आणि ओवीशी खेळासंबंधी कसलाही संपर्क ठेवायचा नाही, नाहीतर तीच अडचणीत येईल. मंडळाने दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून मैदानाच्या शेडची किल्ली मागून घेतली. रस्त्यात लोक नजर चुकवायला लागले. ज्या चार घरांत माझी पुडी जायची ती घरं सगळ्यात आधी. मला त्याचं फार वाटलं नाही, खरंच. ओवी खेळणार होती. रविवारी मी बसची जादा शिफ्ट घ्यायला लागलो.

ऑगस्टमध्ये नव्या हंगामाचा पहिला सामना ब्लॅकटाउनला होता. प्रेक्षक म्हणून जायला मला बंदी नव्हती. घोरपडे मंडळी मुख्य स्टँडमध्ये असणार म्हणून मी पलीकडच्या बाजूला, कुंपणाला टेकून उभा राहिलो. ओवी मैदानात आली तेव्हा मी टाचा उंचावून बघितलं. वर्षभरात तिचे खांदे भरले होते, चेंडू आता हातात नीट बसत होता. पहिल्या पाच मिनिटांत तिने एक चेंडू झेलला, लोक ओरडले, मीही ओरडलो.

मग एका झटापटीत ती पडली आणि उठली, आणि मी ओरडायचा थांबलो. उठताना तिने उजव्या पायावर भार टाकला आणि डावा मागून ओढून घेतला. इतरांना ते दिसणार नाही. त्या पायाकडे मी दहा वर्षं बघितलंय. डावीकडे वळायची वेळ आली की ती एक पाऊल जास्त टाकत होती. दोन झेपा तिने टाळल्या. गुडघा बरा झालेला नव्हता, आधीपेक्षा वाईट होता, आणि तिने या वेळीही कुणाला सांगितलेलं नव्हतं. या वेळी तर सांगायला मीही नव्हतो.

मी प्रल्हादरावांना फोन लावला. त्यांनी उचलला, ते मला अपेक्षित नव्हतं.

"प्रल्हादराव, तिचा गुडघा गेलाय. मध्यंतरात तिच्या डॉक्टरना सांगा. तिला बाहेर काढा."

"तुम्ही इथे आलाय?"

"मला काय बोलायचं ते नंतर बोला. आधी तिला बाहेर काढा. मला दिसतंय इथून."

"माझ्या मुलीच्या गुडघ्याचं नाव तुम्ही काढू नका," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

मी खेळाडूंच्या दारापाशी गेलो. तिथल्या मुलीने हसून विचारलं की कोणाला भेटायचंय. मी म्हणालो, टीमच्या डॉक्टरना, अर्जंट आहे. तिने नाव विचारलं. मी सांगितलं. तिने हातातल्या टॅबवर बघितलं, हसू मावळलं, आणि "सॉरी, मेट, तुम्हाला इथे थांबता येणार नाही" असं म्हणाली. मी म्हणालो, गुडघा, ओवीचा डावा गुडघा. ती म्हणाली की मेडिकल टीम आहे, ते बघतील. कुणाचं ऐकेल ती? ज्याने ओवीला चोरून औषध पाजलं त्याचं?

पुन्हा कुंपणापाशी येऊन मी प्रल्हादरावांना मेसेज लिहायला घेतला. पुडी घेताना तिने मला विचारलं होतं, मी तिला ओरडून गप्प केलं, सुनावणीत मी खोटं बोललो, मी तिच्या जिवावर उठलेलो नाही, एवढं तरी ऐका आणि तिला बाहेर काढा, असं सगळं लिहिलं. पाठवायच्या आधी वाचलं. हा मेसेज एकदा गेला की कायमचा राहणार होता. तिने शपथेवर खोटं सांगितलं हे माझ्याच हाताने लिहून दिलेलं. गुडघा वाचला असता आणि खेळायचं कायमचं गेलं असतं. मी सगळं पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. तिसरा क्वार्टर संपला, चौथा सुरू झाला, तरी मी फोन हातात धरून उभा होतो. मग फोन खिशात टाकला आणि जितक्या मोठ्याने येईल तितक्या मोठ्याने ओरडलो, "ओवी, बाहेर ये. बस झालं." माझा आवाज पूर्ण पार्कात पोचायचा. तिने तो ऐकला असणार. तिने वळून बघितलं नाही.

शेवटची सहा मिनिटं राहिली असताना ती चेंडू घेऊन डावीकडे वळली. पाय रोवला, वरचं अंग वळलं, गुडघा वळला नाही. तिला कुणी धक्काही मारला नव्हता. ती खाली बसली आणि चेंडू तिच्या हातातून निसटून घरंगळत गेला.

तिला स्ट्रेचरवरून आणलं ते माझ्याच बाजूने, कारण ॲम्ब्युलन्सचं फाटक तिथे होतं. प्रल्हादराव पुढे धावत होते. वहिनी तिचा हात धरून शेजारून चालत होत्या. मी कुंपणाच्या अलीकडे, दोन हातांवर. वहिनींनी मला बघितलं आणि थांबल्या.

"बघा," त्या म्हणाल्या. "डोळे भरून बघा. तुमच्या त्या पुडीने झालंय हे. माझ्या लेकराला काही माहीत नसताना पाजलंत."

ओवीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने आईच्या हातातला हात सोडवला आणि कोपरावर उठायचा प्रयत्न केला.

"आई," ती म्हणाली. "आई, ऐक ना. मी सरांना—"

मी तिच्याकडे बघून मानेनेच नाही म्हटलं.

ती गप्प बसली. ते तिला घेऊन गेले.